मोपा न ओळखणारी स्क्रीन: कोल्हापुरातल्या तीन टुरिस्ट गाड्यांसाठी नेव्हिगेशन निवडताना

कोल्हापुरात माझ्या मामांचा टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे. तीन गाड्या, चार चालक. बुकिंग, हिशेब आणि बिलं माझ्याकडे. तीनपैकी एक गाडी विकून नवी घ्यायचं ठरलं, तेव्हा मधल्या आणि वरच्या मॉडेलमधला फरक दीड लाखाच्या घरात निघाला. त्या फरकात सनरूफ होतं, चांगल्या सीटा होत्या, पण विक्रेत्याने सगळ्यात जास्त भर दिला तो गाडीतच बसवून येणाऱ्या नेव्हिगेशनवर. "टुरिस्टसाठी घेताय ना, मग हे पाहिजेच," असं त्याचं म्हणणं. मामांचा कल तिकडे झुकला होता. सगळ्यात जुने चालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते काचेला चिकटवायच्या वेगळ्या जीपीएस यंत्राच्या बाजूचे. बाकीचे तिघे म्हणत होते की फोन आहे की, आणखी काय लागतंय.

प्रश्न एका गाडीपुरता राहिला नाही. एकीत काय बसवायचं हे ठरवताना उरलेल्या दोघींत काय आहे आणि ते कसं चालतंय, हेही बघावं लागलं. ते सगळं सविस्तर मांडते आहे, कारण कोकण-गोव्याकडे गाडी नेणाऱ्या कुणालाही यातलं बरंच कामाला येईल.

आधी रस्ते

आमच्या फेऱ्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या. पुणे-मुंबईच्या फेऱ्यांत रेंजची अडचण नसते. तिथे अडचण रस्त्याच्या कामाची. सातारा-कागल सहापदरीकरणात वळणरस्ते सारखे बदलत राहिले. कराडला कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल पाडून नवा बांधायला घेतल्यावर तर तिथे अर्धा तास जाणार की पाच मिनिटं, याचा अंदाज निघताना येत नसे. विमान गाठायचं असेल तर त्या क्षणी रस्त्यावर किती गर्दी आहे हे कळणं, हाच खरा उपयोग.

दुसरी तऱ्हा घाटाखालची, आणि आमचा मुख्य धंदा तोच. कोल्हापुरातून कोकणात उतरायला बरेच घाट आहेत. रत्नागिरीला आंबा घाट. गगनबावड्याला, म्हणजे साधारण पंचावन्न किलोमीटरवर, रस्ता फुटतो: करूळ घाटाने वैभववाडी-तळेरे, भुईबावड्याने खारेपाटण. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाट उतरला की कणकवली. आजऱ्यावरून आंबोली आणि मग सावंतवाडी. चंदगडकडून तिलारी घाट थेट दोडामार्गात उतरतो. अंतराने तो जवळचा असल्यामुळे मॅप गोव्याला जाताना बऱ्याचदा तोच सुचवतो. पण त्याची वळणं आणि चढ-उतार इतके तीव्र आहेत की सात माणसं आणि टपावर सामान घेऊन तिथून गाडी न्यायला मामांची साफ मनाई आहे. यातल्या जवळपास प्रत्येक घाटात फोनची रेंज जाते. दाजीपूरच्या जंगलात तर बराच वेळ जाते.

तिसरी तऱ्हा देवदर्शनाची: अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी. इथे आमच्या चालकांना कुठलंच यंत्र लागत नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. फक्त एक गोष्ट सांगते. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी "रत्नागिरी" टाकून पाठवलेलं बुकिंग समुद्राकाठच्या रत्नागिरीचं की जोतिबाचं, हे मी फोन करून विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही. फोंड्याचंही तसंच. एक फोंडाघाट कणकवली तालुक्यात, दुसरं फोंडा गोव्यात, मंगेशी आणि शांतादुर्गेला जायला लागतं ते. यंत्र कुठलंही असो, नाव टाकताना चूक झाली की ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या फोंड्याला नेतं.

गाडीतच बसवलेलं

आमच्या जुन्या सात आसनी गाडीत कंपनीने बसवलेलं नेव्हिगेशन होतं, डॅशबोर्डच्या आत मेमरी कार्ड घालायचं तसं. गाडी सेकंडहँड घेतलेली. नकाशा कार्ड घातलं त्या वर्षाचा, त्यानंतर बदललेला नाही.

एकदा पुण्याहून आलेलं एक कुटुंब कोल्हापूर बघून गोव्यातून विमानाने परत जाणार होतं. तिकीट मोपाचं, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळाचं. चालक नवा होता. त्याने गाडीच्या स्क्रीनवर "गोवा एअरपोर्ट" टाकलं आणि तिने बिनदिक्कत दाबोळीचा जुना विमानतळ लावून दिला. मोपाचा विमानतळ सुरू झाला जानेवारी २०२३ मध्ये. त्या कार्डाच्या दृष्टीने पेडणे तालुक्यात नुसतं पठार होतं. बांद्याहून पत्रादेवी ओलांडल्यावर स्क्रीन सरळ म्हापशाकडे जायला सांगत होती आणि बाहेर विमानतळाची पाटी दुसरीकडे बाण दाखवत होती. मागच्या सीटवरच्या आजोबांनी पाटी वाचली म्हणून विमान मिळालं. दाबोळी वास्कोजवळ, मांडवी आणि झुआरी या दोन नद्या ओलांडून. तिथे पोचल्यावर हे कळलं असतं तर विमान गेलं असतं आणि तिकिटांचे पैसे आम्हाला भरावे लागले असते.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नवं कार्ड मागितलं. त्या मॉडेलचा नकाशा आता निघत नाही, असं उत्तर मिळालं. स्क्रीन उत्तम, आवाज स्वच्छ, सगळं यंत्र ठणठणीत, फक्त आतला महाराष्ट्र जुना. त्यात छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद आहे, धाराशिव उस्मानाबाद आहे, आणि समृद्धी महामार्ग नाहीच.

असं असूनही बसवलेल्या नेव्हिगेशनमध्ये एक गुण आहे, आणि तो मोठा आहे. त्याचा अँटेना बऱ्याच गाड्यांत टपावर असतो, म्हणजे आकाश मोकळं दिसतं. शिवाय त्याला चाकाच्या फिरण्याची आणि गाडी वळल्याची माहिती गाडीकडूनच मिळते. त्यामुळे उपग्रहाचा सिग्नल तुटला तरी शेवटच्या ठिकाणापासून किती पुढे आलो आणि कुठे वळलो, याचा हिशोब ते करत राहतं. समृद्धीवर इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा, किंवा एकावर एक चढत जाणारी घाटवळणं, अशा ठिकाणी हे दिसून येतं. फोन बोगद्यात चाचपडतो, गाडी चाचपडत नाही.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर मी विक्रेत्याला स्क्रीन केवढी आहे ते विचारलं नाही. नकाशा कशाने अपडेट होतो, गाडीच्या आतल्या सिमने की पेन ड्राइव्हने? ती सेवा किती वर्षं फुकट आणि नंतर वर्षाला किती? रस्त्यावरची गर्दी दाखवतो का? गाडी दुसऱ्याला विकली तर सेवा त्याच्या नावावर होते का? यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, बाकीच्यांची "विचारून सांगतो" म्हणून राहिली. मग मी स्क्रीनवरच तीन ठिकाणं शोधायला लावली: मोपा विमानतळ, जानेवारी २०२४ मध्ये उघडलेला अटल सेतू, आणि समृद्धीचा जून २०२५ मध्ये उघडलेला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी करावी असं मला मनापासून वाटतं. दोन मिनिटं लागतात, आणि नकाशा कुठल्या सालात अडकलाय ते लगेच समजतं. शोरूमच्या गाडीत पहिली दोन सापडली, तिसरं नाही. पहिल्या दिवशीच नकाशा मागे असेल, तर पाच वर्षांनी आमची जुनीच कथा नव्या गाडीत.

काकांचं यंत्र

काका वीसेक वर्षं गाडी चालवतायत आणि त्यांच्याकडे स्वतःचं एक पोर्टेबल जीपीएस आहे, तळहाताएवढं, काचेला चिकटवायचं. अशी यंत्रं भारतात स्मार्टफोन घरोघरी यायच्या आधी बऱ्यापैकी विकली जायची. मॅपमायइंडिया आणि गार्मिन ही दोन नावं त्यातली. काकांचा त्याच्यावर जीव आहे, आणि त्यांची कारणं ऐकल्यावर मला ती पटली.

"फोन वाजला की मॅप पळतोय. ह्यो पळत न्हाई." पहिलं कारण हेच. गाडी चालू असताना गिऱ्हाइकाचा फोन आला, मुलीचा फोन आला, बँकेचा फोन आला, तरी यंत्रावर रस्ता दिसत राहतो. दुसरं, नकाशा आत साठवलेला असल्यामुळे रेंज असो-नसो, फरक पडत नाही. तिसरं, भर दुपारच्या उन्हातही त्याची स्क्रीन दिसते आणि आवाज ट्रकच्या हॉर्नमध्येही ऐकू येतो. चौथं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मी पाहिलं: त्या यंत्रावर दुसरं काहीच करता येत नाही. व्हॉट्सॲप नाही, व्हिडिओ नाही. चालकाची नजर तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून तिथे, एवढीच फिरते.

मग अडचण कुठे? ग्राहक आता पत्ता सांगत नाही, पिन, म्हणजे मॅपवरची ठिकाणाची खूण, पाठवतो. देवगडजवळच्या एखाद्या वाडीतल्या होमस्टेचा पत्ता "मंदिराच्या मागे, आंब्याच्या बागेतून खाली" असा असतो, आणि तिथे पिनशिवाय पोचता येत नाही. काकांच्या यंत्रात ती पिन टाकायची तर आधी फोनवर अक्षांश-रेखांशाचे आकडे काढायचे, मग ते बोटाने दाबून दाबून एकेक करत भरायचे. दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा चुकला तर शंभरेक मीटर ते किलोमीटरभर इकडे-तिकडे. काका चष्मा लावून हे करतात, पण पाहुणे गाडीत बसून वाट बघत असतात.

नकाशा अपडेट करायला यंत्र कॉम्प्युटरला जोडावं लागतं. डब्यावर "आजीवन नकाशे" छापलेलं असलं तरी ते कंपनी त्या यंत्राला जोवर सांभाळते तोवरच. शिवाय २०१९ च्या एप्रिलमध्ये जीपीएसचा आठवडे मोजायचा आकडा १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आला, तेव्हा अशा कित्येक जुन्या यंत्रांना नवं सॉफ्टवेअर घालावं लागलं. नाही घातलं तर तारीख भलतीच दाखवायची. नवं यंत्र घ्यावं म्हणून शहरात चौकशी केली, तर ॲक्सेसरीजच्या दुकानांत आता फारसं कुणी ठेवत नाही. ऑनलाइन मिळतं, पण बिघडलं तर दाखवायचं कुठे?

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण मामांचाही तो झाला होता. पिवळ्या पाटीच्या गाड्यांत पॅनिक बटणाबरोबर जे यंत्र बसवलेलं असतं, त्यालाही सगळे जीपीएसच म्हणतात. एआयएस १४० या मानकाप्रमाणे ते नव्या प्रवासी वाहनांना २०१९ पासून सक्तीचं आहे. पण ते गाडी कुठे आहे हे सरकारी यंत्रणेला आणि मालकाला कळवतं. चालकाला रस्ता दाखवणं हे त्याचं कामच नाही. तेव्हा "गाडीत जीपीएस आहेच की" म्हणून भागत नाही.

फोन

फोनबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटरवरून सतत आपली वेळ आणि जागा सांगत असतात. फोन नुसता ऐकतो. चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. यात मोबाईलच्या टॉवरची गरज नाही. टॉवर असला तर सुरुवात लवकर होते एवढंच, कारण उपग्रह कुठे शोधायचे ही माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते. रेंज गेल्यावर जातो तो नकाशा. निळा ठिपका पुढे सरकत राहतो, पण खाली करडा कागद.

नेमकं काय होतं ते बघायला आम्ही एका रिकाम्या फेरीत जुन्या गाडीत तिन्ही गोष्टी एकदम लावल्या: गाडीची स्क्रीन, काकांचं यंत्र आणि दोन फोन. एका फोनमध्ये सिंधुदुर्गाचा नकाशा आधी डाउनलोड केलेला, दुसऱ्यात नाही. राधानगरीवरून दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली. राधानगरी सोडल्यावर रेंज गेली. तरी नकाशा न उतरवलेला फोन व्यवस्थित बोलत राहिला, कारण निघताना ठरलेला रस्ता त्याच्याजवळ होता. यामुळेच बहुतेकांना वाटतं की आपला फोन रेंजशिवाय चालतो. मग काकांनी मुद्दाम एक आडवळण घेतलं. तो फोन नवा रस्ता शोधायला लागला आणि शोधतच राहिला. गोल फिरणारं चक्र, खाली काही नाही. डाउनलोड केलेल्या फोनने काही सेकंदांत वळून परत यायला सांगितलं. काकांच्या यंत्रानेही सांगितलं, जरा उशिरा. घाटात एके ठिकाणी दोन्ही फोनचे ठिपके उडी मारून वरच्या वळणावर गेले आणि परत आले. गाडीच्या स्क्रीनवरचा ठिपका मात्र शेवटपर्यंत रस्ता सोडून हलला नाही. तीच गाडी, जिला मोपा माहीत नव्हतं.

गूगल मॅप्समध्ये एखादा भाग निवडून उतरवून ठेवता येतो आणि तो रेंजशिवाय गाडीचा रस्ता सांगतो. पण तेव्हा गर्दी दिसत नाही आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत, हे चालकाला आधी सांगून ठेवावं लागतं. उतरवलेल्या नकाशाची मुदत संपते, तेव्हा वायफायवर असताना तो ताजा करायला हवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स पूर्ण ऑफलाइन चालतं, ते आम्ही जोडीला ठेवलं. कोकणातल्या पाणंदी आणि पायवाटा त्यात काही ठिकाणी जास्त बारकाईने आहेत, पण हॉटेलं आणि होमस्टे कमी. मॅपल्स हे मॅपमायइंडियाचं ॲपही चालकांना दाखवलं, पण त्यांच्या हाताला गूगलच बसलेलं होतं. सवय मोडायला लावून चालत्या गाडीत नवं ॲप शिकवणं मला धोक्याचं वाटलं.

फोनच्या खऱ्या अडचणी नकाशाबाहेरच्या. एप्रिलमध्ये बांद्याच्या पुढे काचेला चिकटवलेला फोन तापतो, चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, आणि कधीकधी बंदच पडतो. होल्डर काचेवरून काढून एसीच्या झरोक्यावर आणला तेव्हा हा त्रास जवळजवळ संपला, आणि काचेतून समोरचं दिसणंही मोकळं झालं. जुन्या गाडीचं यूएसबी पोर्ट इतकं अशक्त की वायर लावलेली असूनही गोव्याला पोचेपर्यंत बॅटरी निम्म्यावर यायची. सिगारेट लायटरच्या जागी चांगला चार्जर बसवल्यावर ते थांबलं.

आणि कायदा. मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून असं आहे की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा तऱ्हेने. मांडीवर ठेवलेला, हातात धरलेला, कानाला लावलेला फोन यात बसत नाही. काका सोडून बाकीच्या तिघा चालकांपैकी दोघे फोन मांडीवर ठेवायचे. दंड आला तर तो परवडेल. मान खाली घालून करूळ घाट उतरणारा चालक परवडणार नाही.

काय ठरलं

काकांच्या यंत्राचे गुण आणि फोनचा नकाशा, हे दोन्ही एकत्र हवं होतं. वेगळं यंत्र पाहिजे हे काकांचं म्हणणं बरोबर होतं. ते यंत्र जीपीएस कंपनीचंच असलं पाहिजे असं मात्र नव्हतं.

म्हणून प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा फोन घेतला. मध्यम किमतीचा, बॅटरी मोठी, स्क्रीन उन्हात दिसेल अशी. त्यात डेटाचं स्वस्त सिम. तो नंबर कुणालाही दिलेला नाही, त्यामुळे तो वाजत नाही. त्यावर मॅप, फास्टॅगचं ॲप, आणि पिन पाठवायला व्हॉट्सॲप. त्या व्हॉट्सॲपवर फक्त मी बोलते. गाडी निघायच्या आधी मी ग्राहकाकडून पिन घेते, ती ठिकाणाच्या नावाशी ताडून बघते आणि गाडीच्या फोनवर पाठवते. चालक उभ्या गाडीत ती उघडतो, रस्ता लावतो, मगच चाक फिरतं. त्याचा स्वतःचा फोन खिशात. कुणाला बोलायचं असेल तर बाजूला थांबून.

तीन फोन, होल्डर आणि चार्जर मिळून खर्च पन्नास हजारांच्या आत बसला, आणि तो तिन्ही गाड्यांचा. नवी गाडी मधल्या मॉडेलची घेतली, जिच्या स्क्रीनला अँड्रॉइड ऑटो जोडता येतं. त्यामुळे तिथे गाडीचा फोन वायरने जोडून खाली ठेवायचा आणि नकाशा मोठ्या स्क्रीनवर. मामांना सनरूफ गेल्याची हळहळ आहे, ती मला समजते. पर्यटकांच्या मुलांना ते आवडतं.

सगळ्यांनी हाच निर्णय घ्यावा असं मी म्हणणार नाही. स्वतः चालवणाऱ्या, महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या कुटुंबाला वेगळ्या फोनची गरज नाही. घरातला जुना फोन पुरेसा आहे, किंवा शेजारी बसणाऱ्याने मॅप सांभाळावा. साठी ओलांडलेल्या, फोनशी फारसं न जमणाऱ्या माणसाला गाडीची मोठी स्क्रीन खरंच सोयीची पडते. ती आपोआप अपडेट होणारी असेल आणि पुढच्या वर्षांचा खर्च लेखी मिळत असेल तर जरूर घ्यावी. पोर्टेबल यंत्र मात्र आज नवीन विकत घ्यायला मी कुणाला सुचवणार नाही, मोटरसायकलवरून लांब हिंडणारे सोडून. पाऊस आणि धक्के सोसणारी त्यांच्यासाठीची यंत्रं वेगळी असतात.

नव्या व्यवस्थेतही एक गोष्ट सारखी बघावी लागते. रिकाम्या वेळात चालक गाडीच्या फोनवर व्हिडिओ बघायला लागले होते आणि डेटा दुपारपर्यंत संपत होता. आता त्या फोनवर दुसरं ॲप घालता येणार नाही अशी सोय केली आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला तिन्ही फोन ऑफिसच्या वायफायला लावून नकाशे ताजे करते. काकांनी आपलं यंत्र अजून काढलेलं नाही. ते फोनच्या शेजारी चालू असतं, आणि दोन्ही वेगळं सांगायला लागले की काका गाडी बाजूला घेऊन मला फोन करतात. ही सवय मला फार मोलाची वाटते.

ज्याचा मॅपशी संबंध नाही

या सगळ्यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला तो यंत्र निवडण्यात नव्हे, तर यंत्राला काय कळत नाही याची यादी करण्यात. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री मॅपच्या सांगण्यावरून पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. चालक बुडाला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. मॅपवर पूल अखंड होता. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावरून जायच्या ऐवजी पुलाखालून गेलेली गाडी खाडीत पडली. तिथे सागरी सुरक्षा पोलीस होते म्हणून चालक महिला वाचल्या. यातल्या एकाही ठिकाणी महागडं यंत्र असतं म्हणून काही वेगळं झालं नसतं. रस्ता नकाशावर होता, जमिनीवर नव्हता किंवा पाण्याखाली होता.

आमच्याकडे हे दरवर्षी घडतं. करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी बंद होता. पंचगंगेला पूर आला की गगनबावड्याच्या वाटेवरचा बालिंगा पूल वाहतुकीला बंद करतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. मॅपवर कधी बंदची खूण उशिरा येते, कधी उघडल्यावरही तशीच राहते. म्हणून पावसाळ्यात ऑफिसच्या भिंतीवर एक फळा असतो आणि त्यावर रोज सकाळी पहिला आकडा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्याखाली बंद रस्त्यांची आणि पाण्याखालच्या बंधाऱ्यांची यादी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून येते ती. त्याखाली घाटांची खबर. ती काका घाटातल्या टपरीवाल्यांना आणि एसटीच्या चालकांना फोन लावून काढतात. फळ्यावर बंद लिहिलेला रस्ता मॅपने सुचवला तरी गाडी तिकडे जात नाही. यात चालकाला पर्याय ठेवलेला नाही.

पातळी ३९ च्या वर गेली की गगनबावड्याकडची बुकिंगं घेताना मी ग्राहकाला आधीच सांगते: दुसऱ्या घाटाने जावं लागेल, किलोमीटर वाढतील, भाडं वाढेल, आणि पाणी आणखी चढलं तर फेरी रद्द करून पैसे परत मिळतील. काहींना पटत नाही. ते मॅपवरच्या निळ्या रेघेचा स्क्रीनशॉट पाठवतात. मी त्यांना त्या दिवशीच्या फळ्याचा फोटो पाठवते. बहुतेक जण मग तारीख पुढे ढकलतात.